खाजेची गोळी, उसाची मोळी

दसरा झाला की धर्मापुरीच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पीठ, मिरची, भांडी, कोयते यांच्याबरोबर गाठोड्यात औषधांची एक पिशवीही असते. तापाची गोळी, पोटाची गोळी आणि खाजेची गोळी. उसाच्या पाचटाची कूस अंगाला लागली की खाज सुटते, धुळीने शिंका थांबत नाहीत, म्हणून ही तिसरी गोळी सगळ्यांच्या ओळखीची. तिच्याबद्दलच या वेळी बोलू.

अंगाला न मानवणारी वस्तू लागली किंवा श्वासातून आत गेली की शरीर हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. खाज, गांध्या, शिंका, डोळ्यांना पाणी हे सारे त्याचेच काम. गोळी या हिस्टामिनला अडवते. मूळ कारण मात्र ती काढत नाही. गाजर गवत उघड्या हातांनी उपटायचे आणि रात्री गोळी खायची, हे वर्षभर केले तरी हाताची कातडी सोलतच राहील. 1950 च्या दशकात पुण्याकडे दिसलेले हे गवत आज प्रत्येक बांधावर आहे. वस्तीत श्रमदान करताना हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, अंगभर कपडे घाला, नंतर साबणाने हातपाय धुवा. विहारात अगरबत्तीच्या धुराने कोणाला शिंका येत असतील तर त्यांना दाराजवळ बसू द्यावे, एवढे आम्ही सुचवतो.

या गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. जुन्या म्हणजे क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन (अ‍ॅव्हिल). त्यांनी गाढ झोप येते, तोंड कोरडे पडते. नव्या म्हणजे सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन. मोठ्या माणसाला सेट्रिझिन 10 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा पुरते, तिचा असर जवळपास 24 तास राहतो. खाज थांबली नाही म्हणून तासाभराने दुसरी घेऊ नका. सेट्रिझिनने झोप येत नाही असे दुकानात सांगतात, पण पुष्कळांना येते. फेक्सोफेनाडिनने सर्वांत कमी येते.

झोपेचा हा मुद्दा आपल्या माणसांसाठी लहान नाही. मध्यरात्री गाडी भरायला उठायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे, दिवसभर हातात धारदार कोयता. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या मागे तर दोन ट्रॉल्या आणि त्यावर माणसे. झोप आणणारी गोळी घेऊन ही कामे करू नयेत. नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची तर सुटीच्या दिवशी घेऊन बघा, आपल्याला किती गुंगी येते ते कळेल. दारूबरोबर तर ती घेऊच नये, गुंगी दुप्पट होते. पाचव्या शीलाचे कारण वेगळे असले तरी इथे औषधशास्त्रही तेच सांगते.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन आधीच असते. वर सेट्रिझिन घेतली की एकाच कामाची दोन औषधे पोटात जातात. पाकिटावरची नावे शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. कागदाच्या पुडीतल्या सुट्ट्या रंगीत गोळ्यांवर मात्र वाचायला काहीच नसते, आणि आमचा राग त्या पुडीवर आहे. अशा पुडीत कधी स्टेरॉइड असते. एका दिवसात खाज गायब होते, माणूस खूश होतो, पुन्हा पुन्हा तीच पुडी मागतो. पुढे साखर वाढते, तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात. औषधाचे नाव विचारणे हा आपला हक्क आहे. नाव सांगत नसतील तर ते औषध घेऊ नका.

काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली कोणतीही गोळी घेऊ नये. म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोळ्यांनी भ्रम होतो, रात्री उठताना ती पडतात.

लेकरू रात्री झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याची सवय तर मोडायलाच हवी. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेले औषध 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची अनेक लेकरे खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. डॉक्टरांनी औषध दिलेच तर बाटलीबरोबरच्या मापानेच द्या, घरच्या चमच्याने नाही.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, कमरेला, काखेत पुरळ आहे आणि घरातल्या दोघातिघांना एकदम आहे? मग ती अ‍ॅलर्जी नसून खरूज असण्याचा संभव जास्त. तिथे या गोळीने फक्त रात्र निभते, किडा मरत नाही. परमेथ्रिनचे मलम कोपीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे, कपडे-अंथरूण उकळून उन्हात टाकायचे आणि आठवड्याने पुन्हा तेच. लहान बाळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

महिनोन्महिने रोज सेट्रिझिन घेऊन ती एकदम थांबवली तर काही थोड्या लोकांना अंगभर जबर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये दिला. म्हणून सहा आठवड्यांहून जास्त गोळी लागत असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा.

आणि एक वेळ अशी, की गोळी शोधत बसायचेच नाही. गांधीलमाशी चावली, इंजेक्शन घेतले किंवा काही खाल्ले, आणि थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, चक्कर आली, तर सेट्रिझिन किंवा अ‍ॅव्हिल जीव वाचवू शकत नाही. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शनच लागते. माणसाला आडवे करा, पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या, उभे करून चालवू नका. 108 ला फोन करा आणि कोणत्या फडावर, कोणत्या गावाजवळ आहात ते सांगा. कर्नाटकातल्या कारखान्यावर असलात तरी क्रमांक हाच आहे.