तीन बाय पाच फुटांतली बिअर

डेन्व्हरमधला भाड्याचा फ्लॅट. मुख्य दाराशेजारी कोट आणि बूट ठेवायची तीन बाय पाच फुटांची कोठी. भाचीने ती रिकामी करून तिथे बिअर आंबवायला, थंड करायला आणि नळाने ग्लासात घ्यायला सुरुवात केली आहे. मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले, साताऱ्याहून राहायला आलेले. स्वतः क्वचितच घेतात, पण वायर, कॉम्प्रेसर आणि सिलेंडर एकाच जागी दिसल्यावर त्यांना गप्प बसवत नाही.

मामा : आधी हे सांग, हे कायदेशीर आहे ना? कोठीचं दार काढून नुसता पडदा लावलायस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं.

भाची : बिनधास्त दिसू दे. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. आपल्या हिशेबाने ३८० आणि ७६० लिटर. विकायची मात्र नाही. काही राज्यांनी बराच वेळ लावला. मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ मध्ये तयार झाली.

मामा : ३८० लिटर! एवढी पितं कोण?

भाची : मी एका वेळी १९ लिटर करते. त्यातली निम्मी शेजारी आणि ऑफिसवाले संपवतात. पण हे बघून साताऱ्यात माळ्यावर सुरू करू नकोस हं. तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. परवान्याशिवाय घरी दारू केलीस तर गुन्हा.

मामा : मला कशाला ती उठाठेव. बरं, मनात आलंय ते विचारून टाकतो. घरी केलेली म्हणजे विषारी व्हायची भीती नाही? २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली.

भाची : तिथे माणसं मेली ती मिथेनॉलने. कारखान्यात वापरायचं ते रसायन दारूच्या नावाखाली विकलं गेलं. बिअर गाळत नाहीत, नुसती आंबवतात. बार्लीचं पाणी आंबवताना घातक ठरेल इतकं मिथेनॉल तयारच होत नाही. गाळण्याची भानगड वेगळी, आणि इथेही त्यासाठी केंद्राचा परवाना लागतो. माझी बिअर बिघडली तर आंबट होईल, वास मारेल, मोरीत ओतावी लागेल. एवढंच.

मामा : मग शिजवतेस कुठे? इथे तर शेगडी दिसत नाही.

भाची : आणि दिसणारही नाही. स्वयंपाकघरात शिजवते. कोठीत उकळायचं नाही, ही पहिली अट. तासभर खळखळ उकळलं की तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते. इथल्या भिंती जिप्समच्या. बंद जागेत एवढी वाफ कोंडली की महिन्याभरात बुरशी धरणार. आणि काही जण बाहेर वापरायचा प्रोपेनचा बर्नर घरात आणतात, त्यांना तर हात जोडावेत. कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही.

मामा : शिजवतेस म्हणजे नेमकं काय करतेस?

भाची : स्वस्तातला मार्ग सांगते. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. ती ६५-६८ अंश पाण्यात तासभर ठेवली की पिठाची साखर होते. पण त्याला मोठी भांडी लागतात. म्हणून सुरुवातीला तयार माल्ट अर्क घ्यायचा, काकवीसारखा घट्ट असतो. तो पाण्यात विरघळवायचा, हॉप्सची फुलं टाकून तासभर उकळायचा, मग झटपट वीसेक अंशांवर आणायचा आणि यीस्ट सोडायचं. भांड्याखाली बर्फ घालून सिंक भरलं की काम होतं.

मामा : इथे पाणी शंभरावर उकळत नाही ना? मी आल्यापासून डाळ शिजायला वेळ लागतोय.

भाची : बरोबर पकडलंस. डेन्व्हर सोळाशे मीटर उंचावर आहे, पाणी ९५ च्या आसपासच उकळतं. हॉप्सचा कडवटपणा पाण्यात उतरायला उष्णता लागते, म्हणून मी हॉप्स थोड्या जास्त टाकते. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. ते राहिलं तर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. मेटाबायसल्फाइटची गोळी चिमूटभर कुटून टाकली की ते निघून जातं.

मामा : म्हणजे आपलं केएमएस! तुझी आई लिंबाच्या सरबतात घालायची तेच.

भाची : तेच. मग झाकणाच्या बादलीत ओतायचं, झाकणावर पाण्याची छोटी नळी. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. आणि ती बादली कोठीत. कोट ठेवायची जागा या कामाला एक नंबर, कारण तिथे उजेड नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उन्हाचा किरण पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं, आणि घाण वास सुटतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या उगीच नाही.

मामा : आणि तापमान? एप्रिलमध्ये इथे दुपारी ऊन, रात्री बर्फ.

भाची : मला विचारशील तर सगळी चव इथे ठरते. एल जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. यीस्ट साखर खाताना स्वतः गरम होतं, त्यामुळे खोली २० वर असेल तर बादलीच्या पोटात २३-२४ सहज होतात. मग बिअरला पिकलेल्या फळाचा, कधी कधी नेलपॉलिशचा वास. लोक याला महागडं यंत्र लावतात. मी काय करते, रुंद टबात पाणी, त्यात बादली, बादलीला जुना टी-शर्ट गुंडाळलेला आणि त्याची टोकं पाण्यात बुडवलेली.

मामा : माठ केलास की गं बादलीचा!

भाची : हवा कोरडी आहे म्हणून जमतं. मुंबईत हे चाललं नसतं. फारच तापलं तर पाण्यात बर्फाची बाटली सोडायची. खर्च शून्य.

मामा : आंबून झालं हे कसं कळतं? बुडबुडे थांबले की?

भाची : बुडबुड्यांवर विश्वास नाही ठेवायचा. हायड्रोमीटर.

मामा : (खुर्ची पुढे ओढत) थांब, थांब. सबस्टेशनच्या बॅटरीत आम्ही रोज हायड्रोमीटर बुडवायचो. ॲसिडचं गुरुत्व बाराशेच्या खाली आलं की चार्जिंगला लावायचं.

भाची : तेच उपकरण, पट्टी वेगळी. मागच्या खेपेला सुरुवातीचं गुरुत्व १.०४८ होतं, शेवटचं १.०१२. दोन्हींतला फरक १३१ ने गुणायचा, अल्कोहोल निघतं ४.७ टक्के. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे काम झालं. घाई करून बाटलीत भरली तर उरलेली साखर आत आंबते आणि बाटली फुटते.

मामा : तू बाटल्या भरत नाहीस मग?

भाची : १९ लिटर म्हणजे पन्नासवर बाटल्या. धुवा, निर्जंतुक करा, भरा, बूच ठोका. एकदा केलं की पुन्हा नको वाटतं. तो उभा स्टीलचा डबा बघ, त्याला केग म्हणतात. पूर्वी कोका-कोला, पेप्सीवाले त्यात सरबताचा अर्क भरून हॉटेलांना द्यायचे. पुढे त्यांनी खोक्यातल्या पिशव्या आणल्या आणि हे डबे जुन्या बाजारात आले. उंची दोन फूट, घेर असा की बारक्या फ्रीझरमध्ये उभा राहतो. साठ डॉलरला मिळाला, रबरी रिंगा तेवढ्या नव्या टाकल्या. जुन्या रिंगांना अर्काचा वास मुरलेला असतो.

मामा : आता माझ्या मनातला प्रश्न. तो सिलेंडर. कार्बन डायऑक्साइड ना?

भाची : हो, पाच पौंडांचा. म्हणजे सव्वादोन किलो.

मामा : आणि कोठीत हवा किती? तीन गुणिले पाच गुणिले आठ. एकशे वीस घनफूट. चौतीसशे लिटर धर.

भाची : सव्वादोन किलो वायू मोकळा झाला तर समुद्रसपाटीला बाराशे लिटर होतो. इथल्या विरळ हवेत त्याहून जास्त.

मामा : म्हणजे एक तृतीयांश! पोरी, हे मरण आहे.

भाची : दार लावलेलं असेल तर आहेच. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की अमेरिकेतले सुरक्षा-नियम त्याला तत्काळ जिवाला धोका म्हणतात. कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा अर्धा टक्का. म्हणून दार बिजागऱ्यांवरून काढून पलंगाखाली ठेवलंय, घरमालकाला परत लावून द्यायचं आहे. पडदाही जमिनीपासून फूटभर वर आहे, कारण हा वायू जड, तो खाली साचतो. आणि हे कार्बन डायऑक्साइडचं मीटर गुडघ्याच्या उंचीवर ठेवलंय, छताला नाही. गंमत अशी की लोक घरातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर भरवसा ठेवतात. त्याला हा वायू कळतच नाही.

मामा : आंबताना निघतो तो?

भाची : एका बादलीतून पाऊण किलोच्या आसपास, पण आठवडाभरात हळूहळू. मोकळ्या कोठीत त्याचं काही नाही. भीती एकदम सुटणाऱ्या सिलेंडरची. म्हणून तो साखळीने भिंतीला बांधलाय. आडवा पडून झडप तुटली तर रॉकेट होतं.

मामा : बरं, हा फ्रीझर. नळासाठी भोक कुठे पाडलंस?

भाची : पाडलंच नाही. आडव्या फ्रीझरच्या बाजूच्या पत्र्यामागे गॅसच्या नळ्या असतात, ड्रिल लागला की फ्रीझर भंगारात. काही लोक लाकडाची चौकट करून ती झाकणाखाली बसवतात आणि नळ त्या लाकडातून काढतात. मी तेही अजून केलं नाही. आत पिकनिकला वापरतात तसा प्लॅस्टिकचा नळ, झाकण उचलून ग्लास भरायचा.

मामा : आणि बर्फ होत नाही? फ्रीझर उणे अठरावर जातो.

भाची : फ्रीझरचा प्लग थेट भिंतीत नाही, या डब्यात आहे. तापमान नियंत्रक. त्याचा सेन्सर केगला चिकटवलाय. चार अंशांच्या वर गेलं की करंट देतो, तीनवर आलं की तोडतो.

मामा : पुन्हा लगेच लागला तर? कॉम्प्रेसरला गॅसचा दाब उतरायला वेळ द्यायला हवा. नाहीतर तो दाबाविरुद्ध उचलायला बघतो आणि वाइंडिंग जळते.

भाची : म्हणून यात विलंब ठेवता येतो. मी पाच मिनिटं ठेवलाय.

मामा : हं. ही लांबलचक एक्स्टेंशन मात्र काढ. एकशे वीस व्होल्टला त्याच वॅटसाठी दुप्पट करंट जातो, बारीक वायर तापते. आणि फ्रीझरच्या मागे-बाजूला चार बोटं जागा सोड. पत्रा गरम होतो तो उगाच नाही, आतली उष्णता तिथूनच जाते. चिकटवून ठेवलास तर बिचारा दिवसभर चालू राहील.

भाची : एक्स्टेंशनचं खरंय. जाड वायरचा छोटा तुकडा आणते.

मामा : एक ग्लास काढ बघू. नुसताच फेस येणार, लग्नातल्या सोड्यासारखा.

भाची : नाही यायचा. लोक इथेच चुकतात. फेस आला की केगमधल्या गॅसचा दाब कमी करतात, मग दोन दिवसांत बिअर पाणचट होते. दाब तापमानाप्रमाणे ठरतो. तीन-चार अंशांना समुद्रसपाटीवर बारा पीएसआय लागला तर इथे साडेचौदा, कारण बाहेरच्या हवेचाच दाब अडीचने कमी. फेस आवरायचा तर नळी लांब घ्यायची. ही बारीक नळी दहा फूट आहे, केगवर गुंडाळून ठेवलीय. वाटेत घासून घासून दाब उतरतो आणि नळातून शांतपणे येते. नळी मिळते पाच-सहा डॉलरला. त्याऐवजी लोक दीडशे डॉलरचा चकचकीत पितळी खांब घेतात, आणि वर आखूड नळी लावतात.

मामा : एकूण खर्च किती झाला?

भाची : जुना फ्रीझर साठ, केग साठ, सिलेंडर आणि रेग्युलेटर मिळून दीडशे, नियंत्रक चाळीसच्या आत, बादली, हायड्रोमीटर, निर्जंतुक करायचं ॲसिड वगैरे पन्नास. मीटर वेगळं. मला कुणी विचारलं तर सांगेन, आधी बादली आणि टब घे, दोन-चार वेळा बाटल्या भर, तरी हौस टिकली तर केग घे. आणि ॲसिडमध्ये कंजूषपणा करू नको. उकळून गार झालेल्या पाण्याला जे जे लागतं ते सगळं त्यात बुडवून काढायचं, चमचासुद्धा. या छंदात अर्ध्याहून जास्त वेळ भांडी घासण्यात जातो, हे आधी कुणी सांगत नाही.

मामा : सिलेंडरचा काटा आठशेच्या वर दाखवतोय. म्हणजे भरलेला?

भाची : तो काटा फसवतो. आत वायूचा द्रव झालेला असतो. शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब तेवढाच.

मामा : अरे हो, घरच्या गॅसचंही तसंच. वजन करायला हवं. रिकाम्याचं वजन अंगावर कोरलेलं असेल. माझ्या बॅगेत सामान तोलायचा काटा आहे, तो आण. आणि त्याआधी झडप बंद कर.