सासूबाईंच्या परीक्षेत ॲप

मी पुण्यात जर्मन शिकवते. "मॅडम, कुठलं ॲप घेऊ?" हा प्रश्न दर बॅचला येतो. म्हणून एका सुट्टीत बारा ॲप उतरवून घेतली, वहीत रकाने आखले आणि गुण द्यायला बसले.

१. जर्मन शिकवणारी ॲप मी जर्मन येत असताना तपासत होते, हे लक्षात यायला आठवडा गेला. सगळंच सोपं, सगळंच छान! मग कन्नड घेतलं. सासर धारवाडचं, पण घरात सगळे माझ्याशी मराठीच बोलतात. माझी मजल 'नीरु' म्हणजे पाणी, यापुढे नव्हती. साठ दिवस मन लावून केलं. 'हुडुग सेबु तिन्नुत्ताने', मुलगा सफरचंद खातो, हे झोपेतही म्हणेन. सून शिकतेय म्हणून सासूबाईंनी फोनवर मुद्दाम कन्नडमध्ये विचारलं, "ऊट आतेनु?" जेवण झालं का, एवढंच. मी गप्प. ॲपने बेंगळुरूकडचं 'आय्ता' शिकवलं होतं; धारवाडी 'आतेनु' त्याच्या गावीही नव्हतं. उच्चाराला १० पैकी ९ मीच दिले होते.

२. मराठी मुलं जर्मनकडे इंग्रजीच्या दारातून जातात, याचं मला इतकी वर्षं काहीच वाटलं नव्हतं. इंग्रजीत चमच्याला लिंग नसतं, म्हणून ॲप तीन लिंगं म्हणजे मोठं संकट असल्यासारखी समजावतात. आपल्याकडे तो चमचा, ती सुरी, ते ताट आहेच की! जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. जुळत नाही, पण दचकायलाही होत नाही. ॲप मराठीच्या आधाराने शिकवतं का, हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

३. ॲपवरचा सलग दिवसांचा आकडा लबाडी शिकवतो. रात्री पावणेबाराला मी सगळ्यात सोपा धडा उरकायचे. मुलांनी असा गृहपाठ केला की मी बोलते त्यांना.

४. चुकलेला शब्द लवकर, आलेला उशिरा विचारायचा, ॲपच्या या हुशारीचं मला फार अप्रूप होतं. पण सेबास्टियन लाइटनर नावाच्या लेखकाने १९७२च्या पुस्तकात हेच कप्प्यांच्या खोक्यातून करायला सांगितलंय. मी मिठाईचं खोकं घेतलं. चिठ्ठ्यांवर सासूबाईंचीच वाक्यं.

गुणांची बेरीज राहिली ती राहिलीच. आता कुणी ॲप विचारलं, तर मी आधी विचारते, "बोलायचंय कुणाशी?" परवा फोनवर सासूबाईंना "आत्री" म्हणाले, झालं जेवण. त्यावर त्या जे बोलल्या ते पुन्हा कळलं नाही. ते उद्याच्या चिठ्ठीवर.