गप्पा मित्रांशी, मन दोरीत

वैराग्य म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालय, दाढी आणि भगवी कफनी येते. त्यातली दाढी माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. मी नांदेडचा शीख, शाळा कॉन्व्हेंटची. तिथे मोरल सायन्सच्या तासाला त्याग म्हणजे सगळं सोडून जाणं, असंच डोक्यात बसलं. आमच्या धर्मात मात्र घर सोडायला कोणी सांगत नाही. कष्ट करून कमवा, वाटून खा, नाम घ्या. मग अलिप्त राहायचं तरी कसं? याचं मला पटलेलं उत्तर एका मराठी माणसाने दिलंय.

संत नामदेव (१२७०–१३५०), जातीने शिंपी. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांचे सोबती. पुढे ते पंजाबात गेले. तिथलं घुमान गाव त्यांचंच म्हणून ओळखतात. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. आज गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे गुरुद्वारात आम्ही ज्या ग्रंथापुढे माथा टेकतो, त्यात पंढरीचा वारकरी आहे! हॉस्टेलवर हे सांगितलं की निम्मे जण ‘खरंच?’ म्हणतात.

त्यातल्या एका पदात एक मुलगा कागद कापून पतंग करतो, उडवतो, मित्रांशी गप्पाही मारतो, पण मन दोरीत. पाण्याला गेलेल्या मुली हसतात, टाळ्या देतात, लक्ष मात्र घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई घरकामात, जीव पाळण्यात. बघा, यातलं कोणीच लोकांतून उठून गेलेलं नाही. घागर सांभाळायची म्हणून मुली तोंड पाडून चालत नाहीत.

आता आपल्या विंगवर या. प्लेसमेंटचं वारं सुरू झाल्यापासून मला रोज एक सल्ला मिळतो: ‘केस काप, दाढी कर, नोकरी लागल्यावर परत वाढव.’ सांगणारे शत्रू नाहीत, मेसमध्ये शेजारी बसणारे आहेत. एका नातेवाईक बाईंनी फोनवर तेच सांगितलं तेव्हा जास्त लागलं. पूर्वी मी वाद घालायचो. आता ‘हं’ म्हणतो आणि चहा संपवतो. सकाळी पगडी बांधायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पाठ म्हणतो. दिवसभर कोण काय म्हणालं ते संध्याकाळपर्यंत उरलं असेल तर समजायचं, दोरी सुटली होती.

माझा मेकॅनिकलचा रूममेट म्हणाला, ‘केसांना एवढं धरून बसलास, ही आसक्तीच की!’ प्रश्न बिनतोड आहे. खालसा पंथ १६९९ चा, नामदेवांनंतर साडेतीनशे वर्षांनी आलेला, त्यामुळे या मुद्द्यावर त्यांचा आधार घेता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की लोकांना दाखवायला केस ठेवले तर तो अहंकार, आणि आमच्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह यांच्या रांगेत तोही बसतो. खरं सांगू का? टोमणे सोपे असतात. गॅदरिंगमध्ये कोणी ‘सरदार, एक नंबर!’ म्हणून टाळ्या पिटल्या की मन हवेत जातं, ते खाली आणणं अवघड.

नामदेवांना कमी जातीचा म्हणून देवळातून उठवलं, असं त्यांचंच एक पद आहे. पुढे देऊळ त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकायचो. मला आता त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो. त्यांनी घोंगडी उचलली आणि देवळामागे जाऊन बसले. मला या जातीत जन्म का दिलास, ही तक्रारही केली, पण ती देवाकडे. उठवणाऱ्यांशी भांडत बसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात माझा पहिला इंटरव्ह्यू आहे, निळी पगडी बांधणार आहे. त्या लांबलचक कापडाची घडी घालताना दुसरं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं. ते रोज सकाळी तोच मेकॅनिकलवाला धरतो, डोळे चोळत.