आधी बाइट पाहा

पनवेल

चि. मनू,


घरपट्टीच्या जुन्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यायचं काम तुझ्याकडे आलंय, हे कळलं. काम जोखमीचं आहे. आपल्या पनवेलची नगरपरिषद १८५२ सालची, महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. एवढ्या जुन्या गावात घरपट्टीवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच असं झालं, की हेलपाटे त्या घरमालकालाच पडतात.

म्हणून पडद्यावर दिसतं त्यावर विसंबू नकोस, आधी बाइट पाहा. काही मजकूर इस्कीत असेल, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकात. तो सरळ बदलता येतो. खरा त्रास श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेल्या मजकुराचा. डेटाबेसच्या लेखी ती नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मराठीपण सगळं फॉन्टात. त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये नेताना एकही चूक दाखवली जात नाही आणि कचरा जसाच्या तसा पोचतो. प्रत्येक फॉन्टचा वेगळा रूपांतर-तक्ता लागतो. शिवाय तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट.

गोऱ्हे, कऱ्हाडे ही आडनावं मुद्दाम तपास. त्यातला ऱ एकसंध असू शकतो, किंवा र आणि नुक्ता असा. दिसायला सारखेच, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण केलं की हे दोन एक होतात. पण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसराही प्रकार आहे. तो एनएफसीने सुटत नाही, तुलाच बदलावा लागेल.

फोटो, अंगठ्याचे ठसे आणि स्कॅन केलेल्या पावत्यांना मात्र यातलं काहीही लावू नकोस. त्यांची जागा बायटिया प्रकारच्या रकान्यात. मजकुराच्या फाइलीतून न्यायचेच असतील, तर हेक्समध्ये ने. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत ओळ संपवण्याची चिन्हं मुद्दाम घातलेली आहेत: कोणी फाइल मजकूर समजून हाताळली, तर ती तिथेच बिघडून गडबड उघडी पडते. ओळींची संख्या जुळली म्हणून समाधान मानू नकोस. प्रत्येक फोटोचा एसएचए-२५६ हॅश आधी आणि नंतर काढून ताडून पाहा.

जुना डंप जपून ठेव. फॉन्टांचे तक्ते झाले की पाठव, जोडाक्षरं मी तपासून देतो.

तुझा,
काका