बाल-अतिदक्षता : औषधोपचार व शस्त्रक्रिया यांच्या खर्चाची तुलना

माजरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील कोळसा खाणींचे गाव. नागपूर-बल्लारशा लोहमार्गावरील या जंक्शनहून अत्यवस्थ बालकास चंद्रपूर वा नागपूर गाठावे लागते. मूल वाचेल काय, या चिंतेबरोबरच खर्च किती येईल, ही चिंताही आईबापांना ग्रासते. म्हणूनच हा खर्च कसा घडतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अतिदक्षता कक्षात दोन प्रकारचे बालरुग्ण येतात. जन्मजात हृदयदोष वा आतड्यातील अडथळा असलेल्या बालकावर शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि शल्यसाहित्य यांचा मोठा खर्च एकदाच होतो व त्याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो. न्यूमोनिया, मेंदूचा हिवताप, जंतुसंसर्ग किंवा सर्पदंश यांनी आजारी बालकाचा खर्च मात्र दिवसागणिक वाढतो. परिचारिकांची अहोरात्र देखरेख, प्राणवायू, व्हेंटिलेटर, तपासण्या व प्रतिजैविके हे त्याचे घटक होत.

समजा, कक्षातील एका दिवसाचा खर्च एक भाग व शस्त्रक्रियेचा खर्च चार भाग मानला. शस्त्रक्रियेनंतर ३ दिवस राहणाऱ्या बालकाचा खर्च ७ भाग होईल. शस्त्रक्रियेविना १० दिवस राहणाऱ्याचा १० भाग. तात्पर्य, शस्त्रक्रिया नेहमीच महाग, ही समजूत खरी नव्हे. मुक्काम किती लांबतो, यावर पुष्कळसे अवलंबून असते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही शस्त्रक्रियेस एकत्रित रक्कम, तर औषधोपचारास बहुधा प्रतिदिन दर ठरविलेला आहे.

बुडालेली मजुरी, प्रवास आणि नातेवाइकांचे जेवण यांची नोंद रुग्णालयाच्या बिलात होत नाही. मुक्काम लांबला की हा भारही वाढतो. शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकास २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत उपचार व वाहन मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे.

औषधोपचाराचे अनेक आजार वेळीच ओळखल्यास अतिदक्षतेपर्यंत जातच नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. खर्च दर बालकामागे अवघा सुमारे ५.३ डॉलर आला. आज आशा कार्यकर्ती हीच सेवा दारी आणते. धाप, छाती आत ओढली जाणे किंवा दूध न पिणे दिसताच तिला बोलावणे, हाच बालकाच्या जिवाचा व कुटुंबाच्या पैशाचा खरा बचाव होय.