नमन-खेळ्यांतील गौळण : विडंबनाच्या व्याख्येची एक अडचण

मराठी समीक्षेत 'विडंबन' म्हटले की प्रथम केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. रविकिरण मंडळाच्या काळातील कवितेच्या लकबी, तिचे लाडके शब्द, तिची प्रेमविव्हलता यांची आचार्य अत्रे यांनी जी नक्कल केली, तिने विडंबनाला मराठीत वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र त्याबरोबर एक व्याख्याही आपल्या अध्यापनात रुजली. विडंबनाला एक मूळ संहिता असावी, ती वाचकाला परिचित असावी, विडंबनकाराने तिची शैली उचलून तीत विसंगत आशय भरावा आणि त्यातून मूळ कृतीवर टीका साधावी. या व्याख्येत विडंबनकार मूळ कृतीच्या बाहेर उभा असतो. दोन्ही कविता कागदावर असतात. त्या शेजारी ठेवून वाचता येतात. एम. ए.च्या वर्गात ही व्याख्या शिकवताना अडचण येत नाही. ती येते विद्यार्थी लोकनाट्याकडे वळला की. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांच्या गौळणीच्या आधारे या अडचणीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोकणात शिमग्याचा आरंभ फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला होतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, होळीभोवती फाका घातल्या जातात, एरवी उच्चारता न येणारे शब्द चारचौघांत उच्चारले जातात. याच दिवसांत वाडीवाडीचे खेळे बाहेर पडतात. घोळदार पांढरे अंगरखे, डोक्याला पागोटी, मृदंग आणि झांज, देवदेवतांना घातलेली नमने, मग गण, गौळण आणि पुढे वगनाट्य, असा या खेळाचा स्थूल क्रम आहे. गावोगाव त्यात फरक पडतात. मधूनच काळ्या वेषातला, शंकूसारखी उंच टोपी घातलेला संकासुर अंगणात शिरतो आणि पोरांची पळापळ होते. दशावतारातही संकासुर आहे. तेथे तो वेद चोरणारा दैत्य असून त्याच्या व सूत्रधाराच्या संवादातून हशा पिकतो. खेळ्यांमधला संकासुर मात्र काही भागांत नवसाला पावणारा मानतात. पोरे ज्याला भिऊन पळतात आणि मोठी माणसे ज्याला हसतात, त्याच्याच पाया आया आपल्या लेकरांना घालतात. प्रस्तुत विषयाची किल्ली येथेच आहे, असे मला वाटते.

गौळणीचा प्रसंग सर्वपरिचित आहे. गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. वाटेत कृष्ण आणि त्याचे सवंगडी त्यांना अडवतात व दान मागतात. एकनाथादी संतांच्या गौळणींनी या प्रसंगाला भक्तीचा अर्थ दिला. गवळणीने द्यावयाचे दान म्हणजे देहभाव, मथुरेचा बाजार म्हणजे संसार, हा अर्थ कीर्तनातून घरोघरी पोचलेला आहे. नमनातील प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. तमाशातल्याप्रमाणे येथेही गवळणींच्या पुढे मावशी असते. नऊवारी नेसलेला, पदर खोचलेला पुरुष ही भूमिका करतो. मावशी आली की दानाचे रूपांतर जकातीत होते, जकातीचे पावतीत आणि पावतीचे भांडणात. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत मी पाहिलेल्या खेळात पेंद्या एस. टी.च्या वाहकासारखी पिशवी अडकवून उभा होता आणि लोण्याच्या मडक्याला अर्धे तिकीट की पूर्ण, यावर मावशीने त्याच्याशी दीर्घ वाद घातला. मथुरा तोपर्यंत दादरचा बाजार झाली होती. शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी सर्वांत मोठ्याने हसून दाद दिली, कारण पुढचे सगळे टोमणे त्यांच्यावरच होते. आणि त्यानंतर, काही क्षणांच्या अंतराने, कृष्ण पुढे आला, मृदंगाची लय बदलली, मावशीने पदर सारखा करून हात जोडले. अंगणातल्या म्हाताऱ्यांनीही जोडले. त्या हात जोडण्यात उपरोधाचा लवलेश नव्हता.

रूढ व्याख्या लावली तर येथे काय सांगता येईल? मूळ संहिता संतांची गौळण, आशय विसंगत, म्हणून हे गौळणीचे विडंबन. पण टीका कोणावर? भक्तीवर निश्चित नाही. विडंबन करणारा आणि हात जोडणारा एकच माणूस आहे. संस्कृतात 'विडम्ब्' या धातूचा एक अर्थ नुसते अनुकरण करणे, सोंग घेणे असाही आहे. उपहास हा त्याचा दुसरा अर्थ. आधुनिक मराठीने हा दुसरा अर्थ तेवढा ठेवला आणि पहिला सोडून दिला. नमनातील मावशी आपल्याला त्या पहिल्या अर्थाकडे परत नेते. ती गौळणीची नक्कल करते, पण नकलेचा रोख गौळणीवर नसतो. गौळण हे तिचे आवरण असते. त्याआडून ती गावाचा, तालुक्याच्या कचेरीचा, मुंबईच्या भाड्याच्या खोलीचा समाचार घेते.

याहून महत्त्वाचा मुद्दा चालीचा आहे. नमनातील पदे बहुधा प्रचलित चालींवर बांधलेली असतात, आणि गेल्या कित्येक दशकांत त्या चाली मोठ्या प्रमाणावर चित्रपटगीतांच्या आहेत. पुष्कळ अभ्यासकांनी याबद्दल नाक मुरडले आहे. त्यांना मला इतकेच आठवण करून द्यावेसे वाटते की, आपली संगीत रंगभूमीही चालींच्या उसनवारीवरच उभी राहिली. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी, लावणी यांपासून कर्नाटकी पदांपर्यंतच्या चाली आहेत. पुढे नाट्यपदांच्या चाली गणेशोत्सवातील मेळ्यांनी घेतल्या. उसनी चाल म्हणजे विडंबन नव्हे. मग एखाद्या पदात ती विडंबन केव्हा होते?

याचे उत्तर पदाच्या शब्दांत सापडत नाही. समजा, एकाच लोकप्रिय प्रेमगीताच्या चालीवर गणही बांधला आहे आणि मावशीचे पदही. गण चालू असताना कोणी हसत नाही. चाल ओळखीची आहे हे सर्वांना कळते, तरी गणपतीच्या आवाहनात ती विरघळून जाते. मावशी त्याच चालीवर जकातीचा हिशेब गाऊ लागली की पहिल्या ओळीलाच हशा येतो, कारण या वेळी प्रेक्षकाला नव्या शब्दांखाली जुने शब्द ऐकू येत असतात. मावशी ते शब्द कधीच उच्चारत नाही. ती नेमक्या जागी मुरका घेते, नायिकेसारखी मान वळवते आणि उरलेले काम श्रोत्याची स्मृती करते. म्हणजे विडंबन संहितेत नाही आणि चालीतही नाही; ते खेळाच्या क्रमातील स्थानात आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणात आहे. कागदावर दोन कविता शेजारी ठेवून ते सिद्ध करता येणार नाही.

सणाच्या मोकळिकीचा उल्लेख आला की आपल्याकडे बाख्तीनचा आधार घेण्याची पद्धत पडली आहे. त्याने राब्लेच्या निमित्ताने युरोपातील मध्ययुगीन उत्सवांतील पवित्र वचनांच्या विडंबनाचा जो विचार मांडला, तो येथे काही अंतरापर्यंत उपयोगी पडतो. परंतु उत्सवात अधिकाराची उतरंड काही काळ उलटते, हा त्याचा सिद्धान्त नमनाला सरसकट लावणे मला घाईचे वाटते. शिमग्यात फाका कितीही मोकळ्या असल्या तरी पालखीचे मान ठरलेले असतात, आणि त्या मानांवरून गावे भांडतात. उतरंड उलटत नाही. तिच्यासमोर हसण्याची मुभा मिळते. दुसरे असे की, हे हसणे नेहमी वरच्या दिशेनेच जाते असेही नाही. पेंद्याचे बोबडेपण, वाकड्याचे लंगडणे, मावशीच्या तोंडी घातलेली बायकांची थट्टा यांत दुबळ्यांवरचे विनोद भरपूर आहेत. ते लोककलेचे म्हणून निरागस ठरवणे हा अभ्यास नव्हे. अलीकडच्या काही प्रयोगांत गवळणींच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या आहेत. त्यांच्यासमोर मावशीचे जुने विनोद कसे उभे राहतात, कोणते गळतात, कोणते उलटून पुरुष-मावशीच्याच अंगावर येतात, हे कोणीतरी बारकाईने नोंदवायला हवे.

येथे आपल्या संशोधनपद्धतीचा प्रश्न उपस्थित होतो. नमनाची पदे मंडळांच्या वह्यांत असतात. विद्यार्थी वही मिळवतो, पदे उतरवून घेतो, वर्गीकरण करतो आणि प्रबंधाच्या परिशिष्टात देतो. वहीत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द असतात. उतरवून घेताना ते गाळले जातात, कारण त्यांना 'साहित्यमूल्य' नाही. परिणामी परिशिष्टातले पद वाचून परीक्षक म्हणतो की रचना सामान्य आहे, यमके ओढून आणली आहेत, विनोद बेताचा आहे. हा अभिप्राय चुकीचा म्हणता येत नाही, कारण त्याच्यासमोर ठेवलेले पद खरोखरच तेवढे आहे. याउलट मुंबईत, बंदिस्त नाट्यगृहात, तिकीट लावून बहुरंगी नमन होते तेव्हा चाल ऐकू येते, पण ज्या वाडीचे टोमणे आहेत ती वाडी समोर नसते. तेथे मावशी हळूहळू सर्वांना चालतील असे विनोद करू लागते. ध्वनिफितींच्या काळापासून ही घडण अधिकच पक्की झाली. प्रयोग ऐकू येतो, अंगण ऐकू येत नाही.

मी पाहिलेल्या एका वहीत गौळणीची पदे सुवाच्य अक्षरात, कडव्यांना आकडे घालून लिहिलेली होती. दोन पदांच्या मध्ये एका ओळीत 'मावशीची बतावणी' एवढेच दोन शब्द होते आणि त्याखाली अर्धे पान कोरे. प्रयोगात त्या अर्ध्या पानाला चाळीस मिनिटे लागली. वही ज्यांनी लिहिली त्यांना मी विचारले की, हे का लिहिले नाही. ते म्हणाले, "ते दर साली येगळा असता. आनि लिवलंव तर गावात ऱ्हाव कसं?"