इंजिनची टकटक : उघडायचं की चालवायचं?

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटारसायकल बरीच जुनी आहे. हल्ली इंजिनातून सारखी टकटक ऐकू येते. एक मेस्त्री म्हणतात, इंजिन उघडावं लागेल. दुसरे म्हणतात, काही होत नाही, चालवा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर : इतक्यात कुणाचंच नको. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाभोवती पाण्याचं आवरण नसतं, त्यामुळे आतली खुटखुट बाहेर ऐकू येणारच. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कुठून येतो आणि केव्हा बदलतो, ते पाहा.

आधी ऑइल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून पातळी बघा. ऑइल कमी असेल तर ते भरल्याशिवाय पुढचा अंदाज बांधू नका.

मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबा. आवाज गेला किंवा बदलला, तर शोध क्लचच्या बाजूला घ्यायचा.

सकाळी येणारा आणि इंजिन तापल्यावर विरणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. पिस्टन तापून फुगतो आणि बोअरमधली फट कमी होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत नसेल, ऑइलही घटत नसेल, तर खुशाल चालवा.

गरम इंजिनातही माथ्याकडून बारीक, एकसारखी टिकटिक येत असेल, तर ती टॅपेटची. तिथे मुद्दाम फट ठेवलेली असते. अनेक लहान इंजिनांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी असते. झिजेने ती वाढली की टिकटिक वाढते. इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेज घालून ती सेट करतात. त्यासाठी वरची झाकणं काढली की पुरे, इंजिन खोलावं लागत नाही.

मात्र टॅपेट अगदी गप्प करून घेऊ नका. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता बाहेर जाते. तो टेकलाच नाही तर जळतो, आणि त्याआधी आवाज करून सांगतही नाही. म्हणून मेस्त्रींना ‘आवाज घालवा’ म्हणू नका, ‘कंपनीच्या मापाला लावा’ म्हणा.

सिलिंडरच्या कडेने, विशेषतः थ्रॉटल सोडताना खडखड होत असेल, तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासून घ्या. हे काम फार लांबवू नये.

चढावर वरच्या गिअरमध्ये खणखण झाली तर आधी खालचा गिअर टाका. तरी थांबली नाही, तर इंजिनात कार्बन साचलाय का आणि इग्निशनचं टायमिंग बरोबर आहे का, ते बघायला हवं.

खरी धास्ती घ्यायची ती इंजिनच्या खालच्या भागातून येणाऱ्या जड ठोक्यांची. लोड पडल्यावर ते वाढत असतील, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असण्याचा संभव मोठा. तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या. इथे पहिल्या मेस्त्रींचं बरोबर ठरेल.

तुमच्या पत्रात ठोक्यांचा उल्लेख नाही. तेव्हा ऑइल बघा, क्लचची परीक्षा करा, आणि गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी थंड इंजिनावर टॅपेट सेट करून घ्या. त्यानंतरही टकटक राहिली, तरच इंजिन उघडण्याचं बोला.